सासूबाईंचा आजार लपवावा का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांनी ३० वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. अलीकडे त्या एकच गोष्ट चारचारदा विचारतात. मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान केले आहे. परंतु पुतणीचे लग्न जमायचे असल्याने हे कोणालाही कळू द्यायचे नाही, असे माझ्या यजमानांनी बजावले आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी एकाच बाईची दोनदा ओटी भरली आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून त्यांना कोठेही नेत नाही. दुपारी दाराला बाहेरून कडी असते. आमचे काही चुकते आहे का?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, कडी लावण्यात निश्चितच चुकते आहे, आत माणूस असताना गॅस किंवा आगीचा प्रसंग ओढवला तर काय, हा विचार आजच करा. यजमानांची भीती मात्र मी खोटी ठरवणार नाही, कारण या आजारासाठी आपल्याकडे तोंडावर येणारे शब्द म्हणजे ‘म्हातारचळ’ आणि ‘साठी बुद्धी नाठी’, आणि असे शब्द ज्या घराला चिकटतात त्या घराने दार लावून घेतले तर नवल नाही. जपानमध्ये स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) जुन्या नावात मूर्खपणाचा अर्थ होता. लोक त्या नावाच्या धास्तीने तपासणीच टाळतात, हे ओळखून तेथील सरकारने २००४ मध्ये ते नावच बदलले. आपल्या घरात हे काम आपल्यालाच करावे लागेल. ‘आईंना वेड लागले’ असे कोणी म्हटले, तर ‘मेंदूच्या पेशींचा आजार आहे, औषध चालू आहे’ एवढे एक वाक्य शांतपणे सांगावे.

पुतणीच्या लग्नाविषयी सांगायचे, तर उतारवयात सुरू होणारा अल्झायमर बहुतेक वेळा थेट वारशाने येत नाही. जवळच्या नात्यात तो असल्यास धोका काहीसा वाढतो, हे खरे. पण एका सदोष जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा प्रकार फार थोड्या कुटुंबांत आढळतो आणि तो बहुधा साठीच्या आतच दिसू लागतो. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तेव्हा पाहायला येणाऱ्या मंडळींच्या गोतावळ्यातही असे एखादे आजोबा असतील, फक्त त्यांनीही ते सांगितलेले नसेल. जाता जाता एक विचारून घ्या : ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा वाढतो व त्यांवर उपचार होतात, या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्याव्यात.

लपवण्याची खरी किंमत सासूबाईच मोजत आहेत. उद्या त्या घराबाहेर पडून रस्ता चुकल्या, तर ‘बाई, इकडे कुठे?’ म्हणून त्यांना परत आणणार कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षावाला किंवा समोरच्या वहिनी; आणि नेमके त्यांनाच आपण अंधारात ठेवले आहे. या दोघातिघांना प्रथम सांगा. सासूबाईंच्या बटव्यात त्यांचे नाव व आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्या. त्यांना स्वतःलाही, त्यांना पेलेल अशा शब्दांत, सांगायला हवे. आपल्याला काहीतरी होते आहे हे सुरुवातीच्या काळात रुग्णाला बहुधा जाणवत असते आणि घरातली कुजबुज त्याला अधिक घाबरवते. बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र यांविषयी त्यांची इच्छा समजून घेण्याचेही हेच दिवस आहेत.

यजमानांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि आजार वारशाने येतो का, हा प्रश्न डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या. पुढचे हळदीकुंकू येईल तेव्हा सासूबाईंना घेऊन जा. ओल्या हरभऱ्यांचे ताट आपण धरा, त्यांच्या शेजारी उभ्या राहा, कोणाची ओटी राहिली आहे ते हलकेच सांगा, आणि त्यांना भरू द्या.