अपघाताला वर्ष झालं, तरी हॉर्न ऐकला की अंग थरथरतं. शरीरावर काम करणारी थेरपी घ्यावी का?

जरूर घ्या. धोका ओळखणारा मेंदूतला अमिग्डाला विचार करायच्या आधीच शरीराला कामाला लावतो. म्हणून छाती धडधडते, खांदे आवळले जातात. "विसरून जा" म्हटल्याने ते थांबत नाही, आणि यात तुमचा कमकुवतपणा मुळीच नाही.

माझ्या मते आधी ईएमडीआर ही थेरपी बघा. यात थेरपिस्टच्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे फिरवत ती आठवण थोडी थोडी समोर आणायची. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये याची सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केली. शरीरातल्या संवेदनांवर भर देणाऱ्या सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगवर अभ्यास अजून कमी आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी आहे का, हे मात्र थेरपिस्टला आधी विचारा. आज रात्रीच बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६.