जुन्या संगणकात सिरीयल कार्ड (जादा सिरीयल पोर्ट देणारे कार्ड) बसवल्यावर विंडोजमध्ये ‘कोड १२’ ही त्रुटी येते. नागपूरच्या सीताबर्डीत नवीन कार्ड घ्यायला जावे का?

आधी थांबा. कोड १२ म्हणजे कार्ड गेले असे नाही. त्याला लागणारा आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठीचा क्रमांक), आय/ओ पत्ता (माहितीच्या देवाणघेवाणीचा पत्ता) किंवा मेमरीची जागा मोकळी सापडत नाही, एवढेच.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (उपकरणांच्या यादीत) त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला ‘रिसोर्सेस’ टॅब उघडा. कोणाशी भांडण आहे ते खालच्या चौकटीत दिसते. जुन्या सिरीयल पोर्टांत, म्हणजे कॉम पोर्टांत, कॉम १ आणि कॉम ३ दोघेही आयआरक्यू ४ मागतात, कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन मदरबोर्डवरचा न वापरला जाणारा सिरीयल किंवा पॅरलल पोर्ट ‘डिसेबल्ड’ करा. तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद करून प्लगही काढा आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. कार्ड बाहेर आहेच, तर संपर्कपट्ट्या खोडरबराने पुसून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ काही कमी नसते.

पीसीआय (मदरबोर्डवरच्या स्लॉटचा एक प्रकार) उपकरणे एकच आयआरक्यू वाटून घेऊ शकतात, त्यामुळे यादीत तोच आकडा दोनदा दिसला म्हणून घाबरू नका.

ग्राफिक्स कार्डाला कोड १२ येत असेल, तर बायोसमधले ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ (४ जीबीच्या वरचे मेमरी-पत्ते वापरू देणारी सेटिंग) चालू करा. मात्र विंडोज ६४-बिट हवी.