ग्रिप फिरते, हेड निखळते: गोल्फ क्लबच्या घरगुती दुरुस्तीविषयी वाचकांचे प्रश्न

सात नंबरच्या आयर्नचं (धातूच्या पातळ हेडच्या क्लबचं) हेड निखळलं म्हणून पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने घरीच चिकटवलं. दोन आठवड्यांत रेंजवर चेंडूबरोबर हेडही उडालं. सुदैवाने पुढे कोणी नव्हतं. चूक कुठे झाली?
– एक वाचक, नाशिक

चूक गोंदात आहे आणि बहुधा पूर्वतयारीतही. झटपट घट्ट होणारा इपॉक्सी ठिसूळ असतो. फुटलेल्या फुलदाणीला तो चालतो, पण चेंडूवर आदळताना बसणारे हादरे त्याला सोसत नाहीत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतल्या उष्णतेने तो आणखी कमकुवत होतो. क्लबसाठी दोन भागांचा, सावकाश घट्ट होणारा, पूर्ण ताकद यायला 24 तास घेणारा इपॉक्सीच घ्या. क्लब जोडण्यासाठी खास बनवलेला मिळाला तर उत्तम.

आता काम पहिल्यापासून करू. आधी होझेल, म्हणजे शाफ्ट (क्लबचा दांडा) जिथे बसतो ती हेडची नळी, उजेडात धरून तपासा. केसाएवढी चीर दिसली तरी हेड बाद समजा. चीर नसेल तर जुना गोंद गोल कानस आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढा. धातू स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका, कारण नवा गोंद जुन्या गोंदावर बसला तर तो जुन्यासकट निघून येतो. शेवटी अ‍ॅसिटोनने पुसून कोरडं होऊ द्या.

शाफ्टचं टोक स्टीलचं असेल तर त्यावरची क्रोमची चकाकी 80 ते 100 नंबरच्या पॉलिशपेपरने पूर्ण घालवा. गुळगुळीत क्रोमला गोंद धरत नाही. ग्रॅफाइटच्या शाफ्टवरचा मात्र फक्त रंग काढायचा. काळी भुकटी पडू लागली की लगेच थांबा, पुढचं घासणं म्हणजे शाफ्टचे तंतू कापणं. आयर्नचा शाफ्ट साधारण एक ते सव्वा इंच आत जातो. नेमकी खोली कोरडाच घालून पाहा आणि तिथे खूण करा.

याच वेळी शाफ्ट डुगडुगतो का, तेही बघा. आयर्नच्या शाफ्टच्या टोकांची दोन मापं प्रचलित आहेत, 0.355 इंच (निमुळतं) आणि 0.370 इंच (सरळ). मोठ्या भोकात लहान टोक गेलं तर नुसता गोंद ओतून शाफ्ट मधोमध राहत नाही. मध्ये पितळी शिम, म्हणजे फट भरणारी पातळ नळी, घालावी लागते. उलट प्रकारात, टोक मोठं आणि भोक लहान असेल, तर ठोकून बसवू नका.

फेरूल, म्हणजे सांध्यावरचं काळं प्लास्टिकचं बोंड, आधी शाफ्टवर चढवा. गोंदाचे दोन्ही भाग समान घ्या (बहुतेक इपॉक्सींचं प्रमाण 1:1 असतं, तरी पाकिटावर बघा) आणि रंगाच्या रेषा नाहीशा होईपर्यंत मिसळा. होझेलच्या आतल्या भिंतीला आणि शाफ्टच्या टोकाला पातळ थर लावा, शाफ्ट फिरवत फिरवत खाली टेकेपर्यंत घाला. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. ग्रिपला पाठीमागे कणा (उभा उंचवटा) असेल तर तो हेडशी जुळतो का, तेही आत्ताच बघून घ्या. मग क्लब हेड खाली ठेवून 24 तास उभा राहू द्या. पहिले फटके जाळीतच मारा. आधीच्या त्या झटपट गोंदाने आणखी क्लब जोडले असतील तर तेही उघडून पुन्हा जोडा.

ग्रिप मीच बदलते, पण पावसाळ्यात हातात धरल्यावर ती शाफ्टवर फिरते. रॉकेल लावूनच चढवली होती.
– एक वाचक, ठाणे

कारण रॉकेलच. ते सुकल्यावर तेलकट थर मागे ठेवतं आणि ग्रिपखालच्या टेपचा चिकटपणा मारतं. पेट्रोल तर ठिणगीच्या धोक्यामुळे घरात वापरूच नका. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घ्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको.

जुनी ग्रिप आकड्यासारख्या पात्याच्या कटरने, अंगापासून दूर कापत काढा. सरळ पातं ग्रॅफाइटमध्ये घुसतं. जुनी टेप हेअर ड्रायरने ऊब देऊन खरवडा. दोन इंच रुंद दुतर्फा टेपचा (फोमची नको, पातळ) सुमारे दहा इंचांचा तुकडा लांबीच्या दिशेने शाफ्टवर गुंडाळा. वरच्या टोकापुढे अर्धा इंच सोडून तो पीळ देऊन नळीत ढकला, म्हणजे टर्पेंटाइन किंवा पाणी शाफ्टमध्ये उतरत नाही. ग्रिपच्या टोकाचं छिद्र बोटाने बंद करून आत टर्पेंटाइन ओता, हलवा, उरलेलं टेपवर सर्वत्र ओता. खाली ट्रे हवा. मग एका दमात ग्रिप चढवा. मध्ये थांबलात तर ती तिथेच अडकते. चढवताना ती खाली खेचून लांब करू नका, ताणली की बारीक होते. काही सेकंदांतच ती सरळ करून घ्या. कोकण किनाऱ्यावरच्या दमट हवेत टर्पेंटाइन सावकाश उडतं, म्हणून पावसाळ्यात पूर्ण एक दिवस द्या.

तसं पाहता निम्म्या वेळा ग्रिप बदलायची गरजच नसते. आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रशने धुऊन बघा. धुऊनही चकचकीत आणि कडक राहिली तरच नवी घ्या.

जाड ग्रिप लावल्यापासून हेड हातात जाणवतच नाही.
– एक वाचक, पुणे

साधी ग्रिप सुमारे 50 ग्रॅमची असते. मिडसाइझ 65 ग्रॅमची घेतली असेल तर हाताकडे 15 ग्रॅम वाढले. तोल मोजायच्या स्विंगवेटच्या मोजणीत ग्रिपकडचे चार-पाच ग्रॅम म्हणजे साधारण एक अंक, म्हणजे D2 चा क्लब C9 च्या आसपास आला (या मापात C9 च्या वर D0 येतो). हेडकडे मात्र दोन ग्रॅमलाच एक अंक मिळतो. अर्धा इंच रुंद शिशाच्या टेपचे चार इंच म्हणजे जवळपास दोन ग्रॅम. तीन अंक भरून काढायला बारा इंच टेप लागेल, आणि क्लब एकूण 21 ग्रॅमने जड होईल.

आमचं मत विचाराल तर एवढं शिसं लावण्याआधी 50 ग्रॅमच्या आसपासची हलकी मिडसाइझ ग्रिप शोधा. किंवा साध्या ग्रिपखाली टेपचे जादा वेढे द्या. चार वेढ्यांत व्यास साधारण अर्धा सूत, म्हणजे 1/16 इंच वाढतो. सोनाराच्या धर्तीचा डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक बदलाच्या आधी व नंतर क्लब तोला. शिसं हाताळल्यावर हात धुवा. स्पर्धेत खेळत असाल तर टेप फेरीच्या आधीच लावा. फेरी सुरू झाल्यावर ती काढून किंवा वाढवून क्लबची कामगिरी बदलणं नियमात बसत नाही.

माझी जुनी स्टीलची आयर्न तीन इंच कापून दहा वर्षांच्या मुलाला दिली तर चालेल?
– एक वाचक, कोल्हापूर

नका देऊ. तीन इंच कापून फक्त दहाएक ग्रॅम कमी होतात. हेड मोठ्या माणसाचंच राहतं आणि शाफ्ट मुलाच्या ताकदीला फार ताठ पडतो. त्याचे हात खाली असल्याने हेडचं पुढचं टोक वर उचललं जातं. मूल मग अंग वेडंवाकडं करून चेंडू गाठतं, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. शिवाय स्टीलचा शाफ्ट पायरीपायरीने बारीक होत जातो, म्हणून कापलेल्या टोकावर मोठ्यांची ग्रिप नीट बसत नाही.

घरात बायकांचा हलका ग्रॅफाइट क्लब पडून असेल तर तो कापून बघण्यासारखा आहे. कापायचं नेहमी ग्रिपच्या बाजूने. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळा, इंचाला 32 दात असलेलं हॅक्सॉ ब्लेड वापरा, मास्क लावा. प्लंबरचा पाइप कटर स्टीलला ठीक आहे, पण ग्रॅफाइट तो चिरडतो.

क्लबचा लाय (हेड जमिनीवर टेकल्यावर शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) बरोबर आहे का, हे घरी कळतं का? व्हाइसमध्ये धरून वाकवता येईल का?
– एक वाचक, मुंबई

कळतं. चेंडूच्या मागच्या बाजूला मार्करने जाड उभी रेघ काढा, ती क्लबच्या तोंडासमोर ठेवून फटका मारा. तोंडावर उमटलेली रेघ खाचांना काटकोनात असेल तर लाय योग्य. रेघेचं वरचं टोक हेडच्या पुढच्या टोकाकडे झुकलं तर क्लब जास्त उभा आहे, शाफ्टकडे झुकलं तर जास्त आडवा. पाच-सहा फटक्यांनंतरच ठरवा.

वाकवणं मात्र घरी नाही. घडीव मऊ पोलादाची हेडं मशिनवर दोन-एक अंश वाकतात. ओतीव स्टेनलेस हेडं कडक असतात आणि होझेलपाशी तडकू शकतात. व्हाइसमध्ये कोन मोजताही येत नाही.

ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा, पोकळ हेडचा क्लब) हलवला की आत खडखडतं.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

गोंदाचा सुटा कण असेल. हेडला वजनाचा स्क्रू असेल तर तो काढा आणि छिद्र खाली करून हेड हलक्या हाताने ठोका. कण बाहेर आला नाही तर चिकट गोंद थोडासा आत सोडून हेड हळूहळू फिरवा, कण त्यात अडकून बसतो. हे करण्याआधी आणि नंतर हेड तोला. दोन ग्रॅमपेक्षा जास्त गोंद गेला तर तोल बदललेला हाताला कळेल.