खाऱ्या पाण्याच्या टँकवर रोज तेलकट थर येतो, काय करावं?

अडीच फुटी टँक, दोन क्लाऊनफिश, मागे टांगलेला फिल्टर. रोज रात्री टिश्यूने थर काढता आणि सकाळी तो परत हजर, म्हणून तुम्ही विचारताय की यावर काही औषध मिळतं का. औषधाच्या वाटेला जाऊ नका. थर हा आजार नाही, पाण्यात काय जातंय आणि पाणी कुठे हलत नाहीये याचा तो पत्ता आहे.

माझा टँक तीन फुटी. डोंबिवलीच्या वन बीएचकेत, हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दारापासून चार पावलांवर. ही चार पावलं लक्षात ठेवा.

माशांची घाण, उरलेलं खाणं, शेवाळ यांतून प्रथिनं आणि चरबी पाण्यात सुटत असते. त्यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथे ते गोळा होतात, मग त्यावर जिवाणू वस्ती करतात. प्रोटीन स्किमर याच खोडीचा फायदा घेतो. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, म्हणजे आतल्या आत भरपूर पृष्ठभाग तयार करतो, आणि चिकटलेला मळ फेसाबरोबर कपात ढकलतो. तुमच्याकडे स्किमर दिसत नाही, त्यामुळे सगळा मळ एकाच पृष्ठभागावर जमतोय.

थर नुसता दिसायला वाईट असता तर मी एवढं लिहिलं नसतं. 27 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात साधारण 6.5. मुळातच हात आखडता, त्यात वर या थराचं झाकण, म्हणजे हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरायला अडतो. रात्री दिवे गेले की शेवाळही ऑक्सिजन खायला लागतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. पहाटे मासे वर तोंड करून भराभर कल्ले हलवताना दिसले तर थर नंतर काढा, आधी पाणी ढवळा.

आता थर कसला आहे ते बघा. सगळे पंप बंद करून पाच मिनिटं थांबा आणि स्वच्छ काडीने थराला टोचा. दुधावरच्या सायीसारखे तुकडे पडून ते वेगळे राहिले तर जिवाणूंचं काम जास्त. काडी काढल्यावर रंगीत चकाकी पुन्हा सरकून एकत्र आली तर तेल. ही काही प्रयोगशाळा नव्हे, पण दिशा कळते.

माझ्याकडे तेल होतं आणि कित्येक महिने मी माशांच्या खाण्याला दोष देत बसलो. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) गाळणीत धुऊन द्यायला लागलो, लसणाचं तेल लावलेलं खाणं बंद केलं. (दोन्ही तुम्हीही करा, फरक पडतोच.) तरी थर काही हटेना. मग गणपतीला पाच दिवस गावी गेलो. शेजारच्या काकू रोज मोजून दिलेली खाण्याची पुडी टाकत होत्या, म्हणजे खाणं तेवढंच. परत आलो तर पाणी आरशासारखं. दुसऱ्या दिवशी घरात बोंबील तळले आणि संध्याकाळी टँकवर इंद्रधनुष्य! स्किमरचा फेसही बसला होता, कारण तेल गेलं की फेस काही तास धरत नाही. खाली वाकून पाहिलं तर स्किमरची हवा ओढायची नळी थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. कढईतले मासे टँकमधल्या माशांच्या नाकात जात होते म्हणा ना. नळी खिडकीकडे वळवली, तळण असलं की दार बंद आणि एक्झॉस्ट चालू. निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

तुमच्याकडे कढईऐवजी उदबत्ती असेल, रूम फ्रेशनर असेल, किंवा केसांना खोबरेल लावून तोच हात टँकमध्ये जात असेल. आणि डासांचं लिक्विड मशीन टँकच्या खोलीत असेल तर आजच हलवा. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना आणि कोळंबीला घातक असतात, थर येवो न येवो.

उरलेला निम्मा प्रश्न प्रवाहाचा. पॉवरहेडचं, म्हणजे टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं, तोंड थोडं वर करा, इतकंच की सगळ्या पृष्ठभागावर लाटांची झुळझुळ दिसेल. पाणी उडेपर्यंत नको, नाहीतर दिव्यावर आणि वायरींवर मिठाची पुटं चढतात. एखादा कोपरा स्थिर राहिला तर थर नेमका तिथेच जाऊन बसेल. मागे टांगलेला फिल्टर पाणी खालून ओढतो, वरच्या थराला हातही लावत नाही. त्याच्या नळीला वरचं पाणी ओढणाऱ्या सरफेस स्किमरची जोड लावता येते, किंवा तसा छोटा वेगळा पंप मिळतो. मात्र उन्हाळ्यात पाण्याची पातळी रोज उतरते आणि ही जोड हवा ओढून गुरगुरायला लागते. तेव्हा रोज आरओचं गोडं पाणी घालून पातळी राखा. खारं घालू नका, बाष्पीभवनात मीठ उडून जात नाही.

टिश्यू वापरायचाच तर बिनसुवासाचा घ्या, पंप बंद करून पाण्यावर आडवा पसरा आणि एका टोकाने सरळ वर उचला. ओढत नेलात तर थर कडेला सरकतो, निघत नाही.

एवढं करून चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, किंवा कधी थर एका रात्रीत अचानक दाट झाला, तर टॉर्च घेऊन दगडांच्या मागे बघा. माझ्याकडे एकदा तिथे मेलेली गोगलगाय निघाली होती. सापडली ती वासावरून.