डोकं गणिताचं नसतं का?

"पाढे तोंडपाठ आहेत हो हिचे. पण समीकरण दिसलं की सगळं चुकतं. काही मुलांचं डोकंच गणिताचं नसतं का?" नववीतल्या मुलीची आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलली. मुलगी दप्तराच्या बंदाशी चाळा करत बसली होती. हा प्रश्न मला दर परीक्षेनंतर कुणी ना कुणी विचारतंच.

पहिल्या भेटीत मीच चुकले. चेहऱ्यावर भीती दिसली म्हणून भीतीवरच बोलत बसले. दीर्घ श्वास घे, आधी अख्खा पेपर वाचून काढ, वगैरे. पंधरा दिवसांनी आली ती होती तशीच. मग मी वही पुढे सरकवली. "हे सोडव, पण मोठ्याने बोलत बोलत."

२क्ष + ६ = २०.

"सहा पलीकडे गेला की वजा होतो. २क्ष बरोबर १४. आता दोन पलीकडे गेला, तोही वजा. १४ वजा २, बारा."

आवाजात भीतीचा मागमूसही नव्हता. ती शिकवलेला नियम इमानेइतबारे पाळत होती. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' या वाक्याशी माझं जुनं वाकडं आहे. पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंतून ६ वजा केले, म्हणून डावीकडचे ६ गेले. दोन मात्र क्षमध्ये मिळवलेला नाही, तो गुणलेला आहे. त्याला हटवायचं तर दोन्ही बाजूंना दोनने भागायचं आणि क्ष ७ येतो.

यातलं तिला लगेच काही सांगितलं नाही. "क्षच्या जागी बारा घालून बघ" एवढंच म्हटलं. चोवीस आणि सहा, तीस. समोर तर वीस. "पण मी नियमानेच केलं होतं!" ती चक्क चिडली, आणि मला बरं वाटलं. आलेलं उत्तर आपलं आपण तपासता येतं, हे तिच्या गावीच नव्हतं. चूक की बरोबर ते लाल पेन ठरवणार.

भूमितीतही तीच गत. कर्ण म्हणजे काय, तर "तिरकी बाजू". पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत काटकोन बहुतेकदा खाली एका कोपऱ्यात असतो, तेव्हा हे खपून जातं. मी काटकोन वर काढला. खालची आडवी बाजू १०, एक तिरकी ६, दुसरी किती? तिने १०० आणि ३६ मिळवून १३६चं वर्गमूळ मांडलं. मी कागद फक्त उलटा फिरवला. ती बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे दहाच कर्ण?" काटकोनासमोरची बाजू ती कर्ण, मग ती आडवी का असेना. १०० वजा ३६, चौसष्ट, बाजू आठ.

आईला दोनच गोष्टी सांगितल्या. ती मोठ्याने सोडवत असताना मध्ये टोकायचं नाही, उत्तर तिलाच ताडून पाहू द्यायचं. आणि 'मलाही गणित कधी जमलं नाही' हे घरात तिच्यासमोर म्हणायचं नाही.

मार्क एकदम वाढलेले नाहीत. कंसाबाहेरचं वजा आत नेताना ती अजून अडखळते. परवा ५ − (क्ष − ३) सोडवताना "५ वजा क्ष वजा ३" म्हणाली, पेन उचललं आणि स्वतःच थांबली. "थांबा, क्ष १ धरून बघते."