मुलगी प्लॅस्टिकचे क्रिस्टल शिकायचं म्हणतेय, पुढे नोकरीचं काय?

दादा नमस्कार, पत्र वाचलं. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, तिला कुजणाऱ्या प्लॅस्टिकचे क्रिस्टल शिकायचेत आणि तुम्हाला वाटतंय हे कसलं खूळ, त्यापेक्षा बीएड बरं. पण तुम्ही स्वतः साखर कारखान्यात पॅनवर आहात, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरतात त्या भांड्यावर, आणि दाणा म्हणजेच क्रिस्टल, म्हणजे हा विषय तुमच्या घरातलाच की!

पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड) म्हणून एक कुजणारं प्लॅस्टिक आहे, पॉलिएस्टरच्या जातीचं, साखर आंबवून लॅक्टिक अ‍ॅसिड करतात त्यापासून बनतं. त्याच्या साध्या पारदर्शक ग्लासात उकळता चहा ओता, ग्लास हातातच बसतो, कारण ६० डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं, आत रेणूंच्या लांब साखळ्यांचा नुसता गुंता असतो ना. त्याच साखळ्या पीळ घेऊन शेजारी शेजारी नीट बसल्या की दाणा धरला, मग तो दाणा १७०च्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. पण पीएलए दाणा धरायला फार सावकाश, म्हणून त्यात टाल्कसारखं काहीतरी घालतात, तुम्ही दाणा धरायला पॅनमध्ये साखरेची बारीक पूड, म्हणजे सीड, टाकता तेच हे. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली काळ्या पडद्यावर या दाण्यांची गोल गोल फुलं वाढत जातात, प्रत्येकात एक काळी फुली, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तासभर उठलेच नाही.

आणि गोम पुढेच आहे, दाणा जास्त झाला की कुजणं मंदावतं, कारण पाणी आधी गुंत्यात शिरतं, दाण्यात सहज नाही. चहाही टिकला पाहिजे आणि मालही कुजला पाहिजे, हे जमवणारी माणसं लागतात. (घरच्या खड्ड्यात मात्र पीएलए लवकर कुजत नाही, त्याला ५८-६० डिग्रीचं मोठं कंपोस्ट लागतं, जाहिरातींवर जाऊ नका.) जेजुरीत प्राज कंपनीनं २०२४ ला बायोपॉलिमरचा, म्हणजे अशा जैविक प्लॅस्टिकचा, डेमो प्लांट सुरू केला, यूपीत बलरामपूर चिनी मिल्स ही साखर कंपनी पीएलएचा कारखाना उभा करतेय, साखरवालेच आहेत तेही.

आता स्पष्ट सांगते, नुसत्या बीएस्सीवर लॅब टेस्टिंगचं काम मिळेल, पगार बेताचाच. तिला जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊ द्या, चांगल्या ठिकाणी एमएस्सी होऊ द्या, डीएससी (माल कुठल्या तापमानाला मऊ पडतो, वितळतो ते मोजणारं) आणि एक्सआरडी (एक्स-रेनं आतला दाणा तपासणारं) ही दोन मशीनं स्वतः हातानं चालवायला शिकली पाहिजे, फिजिक्सही सोडायचं नाही. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिपची परीक्षा निघाली तर महिना ३७,००० फेलोशिप मिळते, मग पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पॉलिमरवर पीएचडीसाठी प्रयत्न करता येईल. बीएड काय, नंतरही करता येतं.

जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात, तारीख चुकवू नका. आणि या सीझनला तिला एकदा पॅनवर घेऊन जा, दाणा कसा धरतो ते तुमच्याकडूनच बघू दे.