फरशी पोकळ वाजते, मिस्त्री म्हणतो ‘चालतं’

प्रश्न: हॉलमध्ये २ x ४ फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स सिमेंटवर बसवल्या. काही जागी टिचकी मारली की पोकळ वाजतात. सांधाही सोडलेला नाही. मिस्त्री उरलेले पैसे मागतोय. द्यावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी तपासा, मग द्या. प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून पोकळ भागाला खडूची खूण करा, मिस्त्रीसमोरच. मध्यभागी तळहाताएवढा भाग वाजत असेल तर मिस्त्री अडून बसला तरी फार ताणू नका. कोपरा किंवा कड पोकळ असेल तर मात्र टाइल बदलूनच घ्या, कपाटाचा पाय तिथे आला की ती तडकते.

दोष बहुधा मालाचा, म्हणजे टाइलखाली घातलेल्या सिमेंटचा. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, म्हणून नुसती सिमेंट स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) तिला धरत नाही. पॉलिमरयुक्त टाइल ॲडहेसिव्ह हवं, एवढ्या मोठ्या टाइलला १० ते १२ मिमी दात्यांच्या थापीने जमिनीवर ओढलेलं, शिवाय टाइलच्या पाठीवरही पातळ थर. पाठीची पांढरी पावडर आधी ओल्या फडक्याने पुसायची. हे जवळपास कुणीच करत नाही!

सांध्याबाबत तुमचंच बरोबर. २ मिमीचे स्पेसर (दोन टाइल्समध्ये फट राखणारे तुकडे) आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) झाकली जाणारी ६ मिमी फट हवीच, नाहीतर उन्हाळ्यात टाइल्स एकमेकींना रेटून उचलतात. बदलताना ग्राइंडरने आधी चहूबाजूंचा सांधा कापायला लावा, मग मधून फोडत कडेकडे यायचं. थेट छिन्नी घातली तर शेजारच्या टाइलची कड उडते, आणि त्याचा खर्च कुणाचा यावर नवा वाद.